कपाटाची किल्ली कुणाकडे?

वाचकांचे प्रश्न : संस्था आणि कार्यकर्ते

या महिन्यात खानापूर, बेळगाव, निपाणी आणि चिकोडी भागांतून संस्थांच्या अंतर्गत कारभाराविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि संस्थांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे, आणि जागेअभावी पत्रे थोडी आखूड केली आहेत.

प्रश्न : आमची संस्था खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलभागात गवळी-धनगर वाड्यांवरील मुलांसाठी वसतिगृह आणि काही बालवाड्या चालवते. संस्थापक सर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दरवर्षी सभेत ते “यंदा मी बाजूला होतो” असे म्हणतात, सगळे “सर, तुमच्याशिवाय कोण?” असे म्हणतात आणि ते पुन्हा अध्यक्ष होतात. कागदपत्रांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात आणि देणगीदारांचे पत्ते त्यांच्या डायरीत असतात. गेल्या पावसाळ्यात ते पंधरा दिवस दवाखान्यात होते, तेव्हा चेकवर सही करायला दुसरे कुणी नसल्यामुळे वसतिगृहाचा किराणा उधारीवर आणावा लागला. मी कार्यवाह आहे. त्यांचा अपमान न होता हा प्रश्न कसा सोडवावा?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून टाकली आहे, ती म्हणजे उधारीवर आलेला किराणा. सरांचे वय, त्यांचा स्वभाव आणि त्यांची दरवर्षीची ती घोषणा हे सगळे तूर्त बाजूला ठेवा आणि या किराण्यापासून सुरुवात करा. माणसाच्या निवृत्तीविषयी बोलणे अवघड असते, पण मुलांच्या जेवणाविषयी बोलायला कुणाचीच हरकत नसते, आणि सरांची तर मुळीच नसेल. पुढच्या कार्यकारिणीत एकच ठराव मांडा : बँक खात्यावर तिघांच्या सह्यांचे नमुने द्यावेत आणि त्यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने चेक वटावा. तिघांत सर असतीलच. हा ठराव स्वतः सरांनीच मांडावा अशी त्यांना आधी घरी जाऊन विनंती केलीत तर अधिक बरे.

“तुमच्याशिवाय कोण?” या प्रश्नाकडे थोडे संशयाने पाहायला हवे. तो आदरापोटी विचारला जातो हे खरे असले, तरी विचारणाऱ्याची त्यात सोयही असते. सर अध्यक्ष राहिले की सरकारी कचेरीत खेटे घालणे, देणगीदाराचा नकार ऐकणे, एखाद्या सेवकाला कामावरून कमी करणे ही सगळी नकोशी कामे त्यांच्याकडेच राहतात आणि बाकीच्यांना वर्षातून चार सभा आणि एक स्नेहसंमेलन एवढ्यावर समाजसेवा करता येते. तेव्हा सर सोडत नाहीत हे जितके खरे, तितकेच तुम्ही कुणी घेत नाही हेही खरे असण्याचा संभव आहे. तुमच्या कार्यकारिणीतील प्रत्येकाने सरांच्या कामांपैकी गेल्या वर्षभरात नेमके कोणते काम मागून घेतले, हे एकदा प्रामाणिकपणे आठवून पाहा.

सरांच्या हाती जे आहे ते एकाच प्रकारचे नाही, म्हणून ते एकाच दिवशी, एका हार-नारळात हस्तांतरितही होत नाही. सहीचा अधिकार ठरावाने देता येतो, त्याला अर्धा तास लागतो. कागदपत्रांची माहिती द्यायला एक पूर्ण दिवस लागतो. मुले सुट्टीत वाड्यांवर गेलेली असताना तो दिवस ठरवा, सरांना कपाटासमोर खुर्ची द्या, एकेक फाइल बाहेर काढा, त्यांना तिच्याविषयी बोलू द्या आणि दोघांनी ते लिहून घ्या. मी अशा एका कपाटउघडणीला हजर होतो. जमिनीचे मूळ खरेदीखत एका जुन्या दिवाळी अंकात, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवलेले सापडले. ते तिथे का ठेवले आहे हे फक्त एका माणसाला ठाऊक होते आणि त्या माणसाला त्या वेळी ऐंशी पूर्ण होत आली होती. त्याच कपाटात दोन किल्ल्याही निघाल्या. त्या कोणत्या कुलुपाच्या, हे मात्र त्यांनाही सांगता आले नाही.

देणगीदारांशी असलेले संबंध देणे याहून अवघड आहे, कारण लोक संस्थेला देणगी देतात असे आपण म्हणत असलो तरी प्रत्यक्षात ते सरांना देतात. त्यावर उपाय एवढाच की यापुढे सरांनी एकट्याने कुठेही जायचे नाही. बरोबर एक कार्यकर्ता असावा आणि आभाराचे पत्र त्याने स्वतःच्या सहीने पाठवावे. चौथी गोष्ट म्हणजे त्यांचा विवेक. कोणत्या पालकाला दटावावे आणि कोणाच्या घरी जाऊन चहा घ्यावा, ही जाण कागदावर उतरत नाही. सर आहेत तोवरच इतरांनी निर्णय घ्यावेत आणि चार निर्णय चुकू द्यावेत, याला पर्याय नाही.

आपल्याच जिल्ह्यात याची दोन उदाहरणे आहेत. बेळगावातील केएलई ही शिक्षणसंस्था १९१६ साली सात शिक्षकांनी मिळून काढली. पहिल्या दिवसापासून ती एका माणसाच्या नावाची नव्हती, आणि तिच्या दीर्घायुष्याचे हे एक कारण आहे असे मला वाटते. दुसरे उदाहरण तुम्हांला अधिक जवळचे वाटेल. देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी घटप्रभा भागात नव्वदच्या दशकात मायराडा या संस्थेच्या पुढाकाराने काम उभे राहिले आणि पुढे ते त्या स्त्रियांच्याच ‘मास’ या संस्थेकडे सोपवण्यात आले. त्यांच्यापैकीच एक असलेल्या सितव्वा जोडट्टी यांनी ती संस्था पुढे नेली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांच्यासाठी संस्था, त्यांच्यातूनच तिचे चालक तयार व्हावेत, यापेक्षा मोठे यश एखाद्या संस्थापकाला काय हवे? तुमच्या वसतिगृहातून शिकून गेलेली, आज तिशीत असलेली किती मुले कार्यकारिणीवर आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही.

सरांना ‘मार्गदर्शक’ करून मोकळे होऊ नका. हे पद आपल्याकडे बहुधा अशा माणसासाठी काढले जाते, ज्याला ठेवायचे नसते आणि काढताही येत नाही. त्यातून संस्थेत सत्तेची दोन केंद्रे मात्र तयार होतात. त्यांना नेमके काम द्या. प्रत्येक वाडीवरून पहिले मूल शाळेत कसे आले, याची नोंद त्यांच्याशिवाय कोणीच करू शकणार नाही.

कायद्याविषयी थोडे. तुमची संस्था कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली नोंदलेली असेल, तर तिचा संबंध सहकार खात्याच्या अखत्यारीतील जिल्हा निबंधकांशी येतो. कोल्हापूरकडचे हितचिंतक धर्मादाय आयुक्तांकडे ‘बदल अर्ज’ करण्याचा जो सल्ला देतात, तो महाराष्ट्रातील न्यासांसाठी असतो. आपल्याकडे वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर चौदा दिवसांत पदाधिकाऱ्यांची यादी निबंधकांकडे द्यावी लागते. सभा न घेता घरोघरी वही फिरवून सह्या गोळा करण्याची आणि तीच यादी पाठवण्याची प्रथा तुमच्याकडे असेल, तर ती आधी थांबवा. सरांच्या पश्चात वाद झाला की पहिली तपासली जाणारी वस्तू म्हणजे ती इतिवृत्ताची वही.

प्रश्न : बेळगाव तालुक्यातील आमच्या महिला मंडळाच्या कार्यकारिणीत आम्ही अकराजणी आहोत आणि सगळ्या मराठी शाळेत शिकलेल्या आहोत. सरकारी पत्रे कन्नडमध्ये येतात. ती वाचणारा एकच तरुण कारकून आमच्याकडे आहे, त्यामुळे तो सांगेल तेच आम्हांला कळते. मध्यंतरी एका योजनेची मुदत टळून गेली. चौकशी केली तेव्हा पत्र महिनाभर त्याच्या खणात होते असे समजले. आता काहीजणी म्हणतात की त्याला काढा. तुमचे मत काय?

उत्तर : त्याला काढलेत तर पुढच्या पत्राचे काय करणार आहात? आणि त्याच्या जागी येणारा नवा कारकून काही महिन्यांत त्याच्याच जागी जाऊन बसेल, कारण ती जागा तुम्ही तयार केली आहे. अकराजणींना जे वाचता येत नाही ते एकाला वाचता येत असेल, तर मंडळाचे अध्यक्षपद कुणाकडेही असो, मंडळ तोच चालवतो. यात त्या मुलाचा कावा असेलच असे नाही. बहुधा त्याला त्या पत्राचे महत्त्वच कळले नसेल, किंवा कळले तेव्हा उशीर झाला आणि बोलण्याची भीती वाटली असेल.

आवक-जावक नोंदवही घाला आणि ती टेबलावर उघडी राहू द्या. आलेल्या प्रत्येक कन्नड पत्राला त्याच दिवशी मराठीत तीन ओळींची चिठ्ठी टाचायची : पत्र कुणाचे आहे, ते काय मागतात आणि कोणत्या तारखेपर्यंत मागतात. चिठ्ठीवर कार्यवाह बाईंची सही झाल्याशिवाय पत्र फाइलला लागणार नाही. एवढ्याने निम्मे काम होईल. उरलेल्या निम्म्यासाठी दुसरी वाचणारी हवी, आणि ती तुमच्या गावातच असणार. आपल्या मराठी शाळांतून अलीकडे शिकलेल्या मुलींना कन्नड विषय असतो, आणि गोकाक, बैलहोंगल, धारवाडकडून आलेल्या सुना आपल्या घरोघरी आहेत. त्या मंडळात हळदीकुंकवाला येतात, पण कार्यकारिणीत त्यांना कुणी बोलावत नाही. ‘आपल्या’ बायकांचे मंडळ म्हणताना त्या कळत-नकळत बाहेर राहिल्या आहेत का, हे तपासून पाहा.

माझ्या या सल्ल्यावर नाराज होणारे वाचक असतील, याची मला कल्पना आहे. महाराष्ट्र सरकारने सीमाप्रश्नी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा आणि आपल्या लोकांची मराठी कागदपत्रांची मागणी, ही दोन्ही आपापल्या जागी आहेत आणि मराठीतून पत्र मागण्याचा अर्जही तुम्ही जरूर करावा. पण शिवणवर्गाच्या अनुदानाची तारीख त्या निकालासाठी थांबणार नाही. ज्या बाईचे नुकसान झाले ती मराठीच बोलते.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती कुणी विचारत नाही. एका संस्थेच्या मासिक बैठकीला मी बसलो होतो. बैठक मराठीत चालली होती आणि एक कन्नडभाषक बालवाडीसेविका दोन तास भिंतीला टेकून गप्प होती. तिचे काही म्हणणे नाही, असेच सगळे धरून चालले होते. शेवटी शेजारच्या कार्यकर्तीने तिला “एनादरू हेळोदु इदेया?”, म्हणजे काही सांगायचे आहे का, एवढेच विचारले. त्यावर ती पंधरा मिनिटे बोलली : तिच्याकडचे गॅस सिलिंडर संपले आहे, पंधरा दिवस ती घरून सरपण आणते आहे, आणि ओल्या सरपणाच्या धुरामुळे लहान मुले खोकतात. हे सगळे मागच्या बैठकीतही तिच्याजवळ होते. तुमच्या बैठकीत कोण गप्प असते आणि कोणत्या भाषेत गप्प असते, तेही पाहा.

प्रश्न : निपाणी भागात विडी कामगार स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी सहा वर्षे पूर्णवेळ काम करतो. पगार इतका कमी आहे की तो सांगायला लाज वाटते. वाढ मागितली तेव्हा “पैशासाठी काम करायचे असेल तर कंपनीत जा, इथे आपण कुटुंब आहोत” असे उत्तर मिळाले. माझे चुकले का?

उत्तर : नाही. हजार विड्यांच्या वळणावळीचा दर आणि किमान वेतन यांसाठी जी संस्था मोर्चे काढते, तिने स्वतःच्या कार्यकर्त्याला त्याच मागणीबद्दल कमीपणा आणावा, ही गोष्ट नुसती दुःखद नाही, ती कामाला घातक आहे. कामगार बायका हे पाहत असतात. त्या बोलून दाखवत नाहीत एवढेच.

‘कुटुंब’ हा शब्द संस्थांत फार सैल वापरला जातो. कुटुंबात हिशेब कुणी विचारायचा, वाटणी कुणी मागायची आणि कुणी गप्प बसायचे, हे ठरलेले असते. आपल्या घरांत सुनेला हे चांगले ठाऊक आहे. संस्थेने कुटुंबातील माया अवश्य घ्यावी, पण संस्थेत नेमणूकपत्र असावे, वेतनश्रेणी असावी आणि रजेचा नियम सर्वांना सारखा असावा.

त्याग आणि वेतन हा वाद महाराष्ट्रात नवा नाही. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेव्हा आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर आयुष्य द्यायचे, ही तिची पायाभूत कल्पना होती. पुढे याच मुद्द्यांवर, म्हणजे सदस्यांनी किती घ्यावे आणि बाहेरचे काम व उत्पन्न यांचे काय करावे यावर, तीव्र मतभेद झाले आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. त्या भांडणात कोण बरोबर होते यावर अजूनही दोन पक्ष पडतील. मला त्यातील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते : तो त्याग नियमात लिहिलेला होता, तो सर्व सदस्यांना लागू होता आणि त्यावर उघड वाद घालता येत होता. तुमच्याकडे त्याग कुणी करायचा हे न लिहिता ठरलेले आहे आणि तो नेमका सर्वांत धाकट्याच्या वाट्याला आलेला दिसतो.

संस्थाचालकांची अडचणही मला माहीत आहे. देणगीदाराला धान्याच्या पोत्यासाठी पैसे द्यायचे असतात, ते पोते वाटणाऱ्यासाठी नाही. परदेशी देणगीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा त्या देणग्यांविषयीच्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. मात्र येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सीएसआरमधील, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या निधीतील, ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासनखर्चाला आहे, तुमच्या क्षेत्रकार्यकर्त्याच्या पगाराला नाही. तो पगार प्रकल्पाचा खर्च म्हणून मूळ अंदाजपत्रकातच लिहायचा असतो. “पगार दाखवला तर प्रस्ताव फेटाळतील” या धास्तीने तो कमी दाखवला जातो आणि मग दरवर्षी तोच खोटा आकडा पुढे चालतो. शिवाय साधारणपणे दहा कर्मचारी झाले की उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) आणि वीस झाले की भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो. नोंदणी ‘सेवाभावी’ आहे म्हणून यांतून सुटका होत नाही.

तुम्ही एकट्याने पुन्हा मागणी करू नका. सर्व कार्यकर्त्यांनी मिळून, प्रत्येकाचे काम, तास आणि वेतन एका कागदावर मांडून तो कार्यकारिणीला द्यावा. वाढ मिळाली नाही तरी आकडे उघड झाले की बोलण्याचा सूर बदलतो, असा अनुभव आहे. सहा महिन्यांत काहीच हलले नाही, तर नोकरी बदलण्यात कोणतीही प्रतारणा नाही.

प्रश्न : एका सल्लागाराने आम्हांला संस्थेची ‘मूल्ये’ ठरवून ती फलकावर लावायला सांगितली आहे. त्याने कार्यसंस्कृती सुधारेल का? (चिकोडी)

उत्तर : फलक लावायला हरकत नाही, खिळे भक्कम ठोका.

संघटनांच्या संस्कृतीचा अभ्यास करणारे एडगर शाइन तिचे तीन थर सांगत : डोळ्यांना दिसते ते, लोक बोलून दाखवतात ते, आणि कुणी बोलत नाही पण सगळे धरून चालतात ते. तुमचा फलक पहिल्या दोन थरांत येतो. तिसरा थर दिसतो तो चूक झाल्यावर.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठी, तुमच्याच तालुक्यात, एका संस्थेच्या मदतवाटपात मी होतो. तांदूळ, डाळ, तेल आणि चादर अशी एकेक पिशवी रेशनकार्डांच्या यादीनुसार वाटली गेली. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की गावाबाहेर शेडमध्ये राहणारी, कार्ड नसलेली मजूर कुटुंबे पूर्णपणे सुटली होती. यादी एका तरुण कार्यकर्तीने केली होती आणि संध्याकाळच्या बैठकीला ती रडवेली होऊन आली. प्रमुख बाईंनी बैठकीची सुरुवात “ती यादी मी मंजूर केली होती” या वाक्याने केली आणि लगेच विचारले की ही घरे सुटली आहेत हे आपल्यापैकी सर्वांत आधी कुणाला कळले. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग टेम्पोचालकाने हात वर केला. त्याने आदल्या दुपारीच ती शेडे पाहिली होती, तिथली मुले टेम्पोमागे धावली होती. पण वाटपाचे ठरवणारे ‘ताई-दादा’ वेगळे, आपण गाडी चालवायची, असे समजून तो गप्प राहिला होता. शेडांवर त्याच रात्री पिशव्या गेल्या. त्या दिवसापासून पूर ओसरेपर्यंत टेम्पोचालक संध्याकाळच्या बैठकीत बसत असे आणि पहिला बोलत असे.

त्या संस्थेच्या भिंतीवर ‘समता’ हा शब्द लिहिलेला होता की नाही, ते मला आठवत नाही. तुमच्याकडे गेल्या वर्षी झालेली एक चूक निवडा आणि ती कळल्यापासून पहिल्या चोवीस तासांत कोण काय बोलले, कुणाकडे बोट गेले आणि कुणी माहिती असून तोंड उघडले नाही, हे सगळ्यांनी बसून लिहून काढा. सल्लागारालाही त्या बैठकीला बोलवा.

प्रश्न : आमच्या शिवणवर्गातून गेल्या काही वर्षांत तीनशेहून अधिक स्त्रिया शिकून बाहेर पडल्या. मदत देणाऱ्या कंपनीला आता ‘परिणाम’ दाखवायचा आहे. आम्ही काय मोजावे? (बेळगाव)

उत्तर : तीनशे हा आकडा तुमच्या कष्टांचा आहे, परिणामाचा नाही. शिवणकामाच्या प्रमाणपत्राने पोट भरत नाही. वर्ग संपल्यावर एक वर्षाने किती जणी शिवणातून कमावतात, महिन्याला साधारण किती कमावतात आणि तो पैसा कुणाच्या हाती राहतो, हे मोजावे लागेल. त्यासाठी तीनशे घरी जाण्याची गरज नाही. हजेरीपटातून चिठ्ठ्या टाकून तीस नावे काढा. ओळखीच्या, गावातल्या आणि यशस्वी झालेल्या निवडू नका. हा मोह भल्याभल्यांना होतो आणि मग अहवालात दरवर्षी त्याच दोघींचे फोटो येतात. भेटायला शिक्षिका जाऊ नये, कारण तिच्यासमोर कुणी “जमले नाही” असे म्हणणार नाही.

बेळगावसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. शहापूर-वडगाव भागात विणकरांची घरे आहेत, तिथे कापडाचे काम घरच्यांच्या अंगवळणी पडलेले असते आणि ओळखीतून ऑर्डर मिळते. खानापूरकडच्या खेड्यात तीच मशिन घेऊन बसलेल्या बाईला लग्नसराई सोडली तर गिऱ्हाईकच नसते. दोघींना एकाच आकड्यात घातले तर दोघींबद्दलही काहीच कळणार नाही. कंपनीला सरासरी हवी असेल तर ती द्या, पण स्वतःसाठी दोन वेगळ्या याद्या ठेवा.

आणि निकाल वाईट आला तर? तीसपैकी आठच कमावत असतील, तर तो आकडा कंपनीला तसाच सांगा आणि उरलेल्या बावीसजणींचे काय झाले हेही सांगा. चांगला देणगीदार त्याने बिचकत नाही, आणि जो बिचकेल त्याच्यासाठी खोटे आकडे किती वर्षे पुरवणार? मशिन नाही, सासरी परवानगी नाही, काजे-बटणाचे काम शिकवलेच नव्हते, कापड आणायला बेळगावला जाण्याचा बसखर्च परवडत नाही, अशी कारणे निघतील आणि त्यांतील निम्म्यांवर उपाय तुमच्याच हाती असेल.

घरी गेलात की प्रश्नावली लगेच काढू नका. आधी पाणी प्या आणि मशिन कुठे ठेवली आहे ते पाहा : खिडकीशी, उजेडात, खाली चिंध्यांचा ढीग असलेली, की कोपऱ्यात चादर पांघरलेली आणि वर मुलांची दप्तरे ठेवलेली.